चूक कुणाच्या खात्यावर?

दुसरं महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. लंडनजवळ टेडिंग्टनला ब्रिटिश सरकारची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी आहे. तिथल्या गणित विभागाकडे १८ समीकरणांचा एक संच सोडवायला आला. अज्ञात राशीही १८. दहावीच्या बीजगणितात आपण दोन चलांची समीकरणं सोडवतो, तोच प्रकार, फक्त मोठा. उत्तर कसं काढायचं हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. निघालेल्या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा, हे मात्र कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. बराच काथ्याकूट झाल्यावर चौघांनी ठरवलं की आता चर्चा पुरे, सोडवूनच बघू. हे चौघे म्हणजे फॉक्स, गुडविन, अ‍ॅलन ट्युरिंग आणि जेम्स विल्किन्सन.

विल्किन्सन यांचा जन्म १९१९चा, केंट परगण्यातल्या स्ट्रूडचा. सोळाव्या वर्षी त्यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. ओढा शुद्ध गणिताकडे होता, पण पदवी हातात पडली तीच १९३९ साली, आणि युद्धाने त्यांना तोफगोळ्यांच्या आकडेमोडीला जुंपलं. १९४६च्या मे महिन्यात ते टेडिंग्टनला रुजू झाले. अर्धा वेळ ट्युरिंग यांच्याबरोबर संगणकाच्या आराखड्यावर आणि अर्धा वेळ टेबलावरच्या गणनयंत्रांवर, अशी त्यांची नेमणूक होती. या अर्ध्या-अर्ध्या नोकरीचं त्यांना पुढे फार सोनं करता आलं.

समीकरणं सोडवायची रीत शाळेतलीच. एका समीकरणाला योग्य संख्येने गुणून दुसऱ्यातून वजा करायचं आणि एका चलाचा लोप करायचा. १८ची १७ होतात, १७ची १६. शेवटी एका चलाचं एक समीकरण उरतं, ते सोडवून उलट्या क्रमाने बाकीची मूल्यं काढत यायचं. गाउसच्या नावाने ही पद्धत ओळखतात. (क्रेमरची रीत इथे कामाची नाही. १२ चलांचा एक निश्चयक विस्तारून मांडला, तर त्याचीच पदं ४७ कोटी ९० लाख होतात. पाठ्यपुस्तकं एवढं सांगायचं बहुधा विसरतात.)

लोपाच्या पद्धतीने १८ समीकरणांना दोन हजारांवर गुणाकार-भागाकार लागतात. टेबलावरच्या यंत्रात दहा अंकांनी काम चालायचं. दहा अंकी दोन संख्यांचा गुणाकार वीस अंकी येतो, त्यातले खालचे अंक टाकून द्यावे लागतात. टाकलेला भाग नगण्यच असतो. पण पुढचं सगळं गणित त्या छाटलेल्या संख्येवर उभं राहतं आणि ही छाटणी दोन हजार वेळा होते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४३मध्ये दाखवलं होतं की लोपाच्या दर पायरीला चूक चौपट होऊ शकते. १८ समीकरणांना १७ पायऱ्या. ४चा १७वा घात १,७१७ कोटींच्या पुढे जातो. म्हणजे दहाव्या अंकातली छाटणी शेवटी पहिल्या अंकालाही गिळू शकते.

या निराशावादी मंडळींत ट्युरिंग सर्वांत पुढे होते. या उद्योगात ते आले खरे, पण फारसे खुशीने नाही. एक तर टेबलावरच्या यंत्रावर त्यांचा हात बसलेला नव्हता आणि दुसरं म्हणजे हे फसणारच अशी त्यांची खात्री होती. विल्किन्सन यांनी ही हकिकत १९७०मध्ये ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितली आहे.

काम पुरं झालं. शेवटच्या समीकरणात उरलेला सहगुणक दहा हजारांशाएवढा बारीक निघाला. सुरुवातीचे सहगुणक १च्या आसपासचे होते, त्यामुळे दहापैकी चार अंक गेले असं मानायला हे लक्षण पुरेसं होतं. मग मिळालेली उत्तरं मूळ समीकरणांत घालून पाहिली. डावी बाजू उजव्या बाजूशी थेट दहाव्या दशांश स्थळापर्यंत जुळली. खरं उत्तर कुणी आयतं दिलं असतं आणि ते दहा स्थळांना राउंड करून घातलं असतं, तरी याहून बरं जुळलं नसतं. त्यानंतर उत्तर सुधारत नेण्याची एक-दोन आवर्तनं केली, तेव्हा कळलं की पहिल्या उत्तरातले जवळजवळ सहा अंक बरोबर होते. विल्किन्सन यांनी युद्धकाळात १२ समीकरणं सोडवली होती, तेव्हाही अगदी हेच झालं होतं.

ट्युरिंग यांची भीती खोटी ठरली, हा भाग सोपा. पण उत्तराचे सहाच अंक खरे असताना समीकरणं दहा अंकांपर्यंत कशी जुळतात? खरं कोडं हे आहे, आणि विल्किन्सन यांची पुढची पंधरा वर्षं एका अर्थी ते उकलण्यात गेली.

कोडं हातात घेऊन बघायला १८ समीकरणं नकोत, दोन पुरतात. फक्त आपल्या यंत्रात तीनच अंक मावतात असं धरू.

०.०००१ क्ष + य = १
क्ष + य = २

खरं उत्तर क्ष = १.०००१०००१… आणि य = ०.९९९८९९९९…, म्हणजे तीन अंकांत दोन्ही १. आता पहिल्या समीकरणाला १०,०००ने गुणून दुसऱ्यातून वजा करू. यचा सहगुणक १ − १०,००० = −९,९९९ येतो, तीन अंकांत −१०,०००. उजवी बाजू २ − १०,००० = −९,९९८, तीही तीन अंकांत −१०,०००. म्हणून य = १. हे ठीक. पण पहिल्या समीकरणात य = १ घातला की क्ष = ० येतो. उत्तर साफ चुकलं, आणि तेही एकाच पायरीत.

चूक किती झाली ते दिसलंच: क्षचं मूल्य १ने हुकलं. पण यावरून चूक कशी झाली ते कळत नाही. विल्किन्सन यांची रीत उलट्या दिशेची आहे. मिळालेलं उत्तर हे कोणत्या प्रश्नाचं तंतोतंत बरोबर उत्तर आहे, असं ते विचारतात. इथे शोधून बघा. दुसऱ्या समीकरणात यचा सहगुणक १ऐवजी ० असता आणि उजवीकडे २ऐवजी ० असता, तर वजाबाकीत बरोबर −१०,००० आणि −१०,००० आले असते, काही न छाटता. म्हणजे आपण ‘क्ष + य = २’ सोडवलंच नाही, ‘क्ष = ०’ सोडवलं. १०,०००च्या शेजारी ठेवल्यावर मूळ १ आणि २ पुसले गेले. आकडेमोडीने आपला प्रश्नच बदलून टाकला होता.

आता समीकरणांची अदलाबदल करू. दुसरं वर घेऊ, त्याला ०.०००१ने गुणून पहिल्यातून वजा करू. यचा सहगुणक १ − ०.०००१ = ०.९९९९, तीन अंकांत १.००. उजवी बाजू १ − ०.०००२ = ०.९९९८, तीही १.००. य = १, क्ष = १. छाटणी याही वेळी झाली, आधीएवढ्याच वेळा झाली. मग हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं? ०.०००१ क्ष + १.०००१ य = १.०००२ आणि क्ष + य = २. पडताळून बघा, १ आणि १ चपखल बसतात. प्रश्न सरकला, पण चौथ्या दशांश स्थळावर. तीन अंकी यंत्रवाल्याला तेवढं कळणारही नाही.

दर पायरीला मोठा सहगुणक वर आणून त्याने भागायचं, या खबरदारीला पिव्होटिंग म्हणतात. ती का हवी, हे या दोन उदाहरणांत पुरतं दिसतं. मधल्या पायऱ्यांत संख्या फुगल्या की मूळची माहिती त्यांच्याखाली गाडली जाते. फुगल्या नाहीत, तर सगळ्या छाटण्यांची मिळून जमा झालेली चूक मूळ सहगुणकांतल्या शेवटच्या अंकाच्या हालचालीएवढीच राहते.

हिशेबाची ही मांडणी बॅकवर्ड एरर अ‍ॅनालिसिस या नावाने रूढ झाली. चूक उत्तराच्या खात्यावर लिहायच्या ऐवजी ती प्रश्नाच्या खात्यावर लिहायची. ही नुसती कागदोपत्री चलाखी वाटेल, पण तिचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. समीकरणातले सहगुणक मुळात येतात कुठून? कुणीतरी पोलादाचा ताठपणा मोजलेला असतो, वाऱ्याचा दाब मोजलेला असतो, आणि मोजमाप तीन-चार अंकांपलीकडे खात्रीचं क्वचितच असतं. आकडेमोडीने प्रश्न दहाव्या अंकात हलला, तर तो बदल मोजमापाच्या अनिश्चिततेत कुठल्या कुठे बुडून जातो. गणित करणाऱ्याने आपलं काम चोख केलं, असं तेव्हा म्हणता येतं.

मग उरलेल्या चार अंकांचं काय? ते प्रश्नाच्या स्वभावात गेले. क्ष + य = २ आणि क्ष + १.००१ य = २.००१ ही जोडी घ्या. उत्तर १ आणि १. आता २.००१च्या जागी २.००२ लिहा. उत्तर होतं क्ष = ०, य = २. उजवीकडे हजारांशाचा फरक, उत्तरात पूर्ण एकाचा. यात आकडेमोडीची छाटणी कुठेच नाही, कागदावर अचूक सोडवलं तरी हेच होणार. अशा नाजूक प्रश्नांना इल-कंडिशन्ड म्हणतात. नाजूकपणा मोजणारी ‘कंडिशन नंबर’ ही संज्ञा ट्युरिंग यांनीच १९४८च्या एका लेखात आणली. १८ समीकरणांचा तो अनुभव त्यामागे होता, असं विल्किन्सन यांचं मत. त्यांच्या संचाचा नाजूकपणा साधारण दहा हजारांचा होता. दहाव्या अंकात सरकलेला प्रश्न, गुणिले दहा हजार, म्हणजे उत्तर सहाव्या अंकाच्या आसपास हुकणार. दहातून चार गेले, सहा उरले.

या कल्पनेचं श्रेय एकट्या विल्किन्सन यांचं नाही. फॉन नॉयमन आणि गोल्डस्टाइन यांच्या १९४७च्या लेखात तिची बीजं आहेत, वॉलेस गिव्हन्स यांनी १९५४मध्ये ती वापरली. पण एकामागून एक पद्धत घेऊन, तिची कसून तपासणी करून, कोणती विश्वासाची आणि कोणती घातकी हे ठरवून देण्याचं कष्टाचं काम विल्किन्सन यांनी केलं. १९६१चा त्यांचा लेख आणि १९६३चं राउंडिंगच्या चुकांवरचं छोटेखानी पुस्तक यांतून ते जगापुढे आलं.

दरम्यान यंत्र तयार झालं होतं. ट्युरिंग यांचा मूळ आराखडा अवाढव्य होता. तो रखडला, आणि ते आधी केंब्रिजला व मग १९४८मध्ये मँचेस्टरला गेले. मागे राहिलेल्यांनी त्याची लहान आवृत्ती उभी केली. तिचं नाव पायलट एस. सुमारे ८०० व्हॉल्व्ह, आणि संख्या साठवायला पाऱ्याच्या नळ्या, ज्यांतून ध्वनीचे स्पंद सतत फिरत ठेवायचे. १० मे १९५०ला तिच्यावर पहिला कार्यक्रम चालला. विमानाच्या पंखांची थरथर हे तिच्यापुढच्या मोठ्या कामांपैकी एक. त्यासाठी मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं काढावी लागत, म्हणजे साध्या भाषेत ती रचना कोणत्या वेगाने आपसूक कंप पावेल त्या संख्या. विल्किन्सन यंत्रासमोर बसून दिव्यांच्या रांगेत उमटणारं मूल्य वाचत आणि उत्तर लवकर स्थिरावं म्हणून हातानेच खटके खालीवर करून एक संख्या बदलत राहत. आकडे आत कसे वागतात ते इतक्या जवळून पाहायची सोय आजच्या कुणाला नाही, आणि मला वाटतं त्यांच्या सिद्धांताला जी जमिनीवरची पकड आहे, ती इथून आली.

याच यंत्राने त्यांना जबर दणकाही दिला. बहुपदीची मुळं काढायचा कार्यक्रम लिहून झाला होता. चाचणीसाठी त्यांनी उत्तर आधीच ठाऊक असलेली बहुपदी घेतली: (क्ष − १)(क्ष − २) अशी थेट (क्ष − २०)पर्यंत गुणत नेलेली. मुळं १ ते २०, एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर. यापेक्षा सोपी परीक्षा कोणती? पण यंत्र भलतंच काही देऊ लागलं. कार्यक्रम तपासला, यंत्रावरही संशय घेतला. दोष बहुपदीत होता.

ती विस्तारून लिहिली की क्षच्या १९व्या घाताचा सहगुणक −२१० येतो आणि शेवटचं पद २४ वर १७ शून्यांच्या घरात. त्या −२१०मधून फक्त ०.००००००११९ वजा करा, म्हणजे १ला २च्या २३व्या घाताने भागून येतं तेवढं. २० हे मूळ २०.८४७ला जातं. १ ते ७ जागचे फारसे हलत नाहीत. आणि दहा मुळं तर वास्तव संख्यांतून उठून संमिश्र संख्यांत जाऊन बसतात.

कारण तपासायला आलेख १६ आणि १७च्या मध्ये न्याहाळू. तिथे मूळ बहुपदीचं मूल्य १९ लाख कोटींच्या आसपास असतं. संख्या मोठी वाटते. पण सहगुणकातला तो नखाएवढा बदल १६.५च्या १९व्या घाताने गुणला जातो, आणि गुणाकार येतो सुमारे १६ हजार लाख कोटी. मूळ मूल्याच्या आठशेपटीहून जास्त. आलेख एवढा खाली ओढला गेल्यावर तिथे तो अक्षाला छेदेल कशाला? छेद नाही तर वास्तव मूळ नाही. १च्या जवळ मात्र १चा १९वा घात १च राहतो, म्हणून ते मूळ सुखरूप. पाहायला गेलं तर लोपाच्या गोष्टीतलीच विभागणी इथेही आहे. यंत्र आणि रीत दोन्ही निर्दोष, प्रश्न मात्र अतोनात नाजूक. या अनुभवाला विल्किन्सन यांनी आपल्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा धक्का मानलं, आणि १९८४मध्ये त्यावर एक निबंध लिहिला. बहुपदीला त्यांनी चक्क दगाबाज ठरवलं.

या दग्यातून आयगेन मूल्यांची वाट बदलली. तोवरची पुस्तकी रीत अशी की मॅट्रिक्सपासून आधी बहुपदी बनवा, मग तिची मुळं काढा. पण कर्णावर १ ते २० लिहिलेला साधा मॅट्रिक्स घ्या आणि त्यात सममिती न मोडता थोडी ढवळाढवळ करा. त्याची आयगेन मूल्यं ढवळलं तेवढीच हलतात, जास्त नाही. म्हणजे प्रश्न नाजूक नव्हता, बहुपदी बनवून आपणच त्याला नाजूक करत होतो. बहुपदीला बगल देऊन थेट मॅट्रिक्सवर चालणारी क्यूआर पद्धत १९६१च्या सुमारास लंडनमध्ये जॉन फ्रान्सिस आणि लेनिनग्राडमध्ये व्हेरा कुब्लानोव्स्काया यांनी स्वतंत्रपणे शोधली. (फ्रान्सिस लगेच दुसऱ्या कामाला लागले. आपली पद्धत जगभर वापरली जाते हे त्यांना कित्येक दशकं ठाऊकच नव्हतं. २००७मध्ये दोन गणितज्ञांनी त्यांना शोधून काढलं तेव्हा कळलं.) विल्किन्सन यांनी ती पारखली, तिच्यासाठी आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘शिफ्ट’ सुचवला, आणि १९६५च्या आयगेन मूल्यांवरच्या जाडजूड ग्रंथात सगळा विषय एका छताखाली आणला. आज मॅटलॅब किंवा नमपाय यांना बहुपदीची मुळं विचारली, तर ती उलट बहुपदीपासून मॅट्रिक्स बनवून त्याची आयगेन मूल्यं काढतात.

पद्धत चांगली असून भागत नाही, ती कार्यक्रमात नीट उतरावी लागते. म्युनिकच्या क्रिस्टियान राइन्श यांच्या जोडीने विल्किन्सन यांनी अल्गोल भाषेतले पारखलेले कार्यक्रम १९७१मध्ये एका हस्तपुस्तिकेत छापले. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत त्यातले आयगेन मूल्यांचे कार्यक्रम फोर्ट्रानमध्ये उतरवून आइसपॅक झालं, पाठोपाठ समीकरणांसाठी लिनपॅक, आणि १९९२मध्ये दोन्हींचा वारसा चालवणारं लापॅक. मॅटलॅबची पहिली आवृत्ती म्हणजे विद्यार्थ्यांना आइसपॅक आणि लिनपॅक सहज हाताळता यावेत यासाठी क्लीव्ह मोलर यांनी केलेली सोय होती. १९६९मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १९७०मध्ये ट्युरिंग पुरस्कार, १९८०मध्ये निवृत्ती, १९८६मध्ये निधन. टेडिंग्टनची नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत सोडली नाही.

एक धागा मात्र त्यांच्या हातूनही सुटाच राहिला. चौघांनी १८ समीकरणांना वापरलेल्या पिव्होटिंगमध्ये उरलेल्या सगळ्या सहगुणकांतून सर्वांत मोठा शोधतात. ते वेळखाऊ असल्याने लापॅक एकाच स्तंभात शोधतं. अशाने संख्या दर पायरीला दुप्पट फुगू शकतात, आणि तसा मॅट्रिक्स विल्किन्सन यांनीच दाखवून ठेवला आहे: कर्णावर आणि शेवटच्या स्तंभात १, कर्णाच्या खाली सगळीकडे −१. लोप करत जा, शेवटचा स्तंभ १, २, ४, ८ असा वाढत जातो. साठ-सत्तर समीकरणांत आजच्या संगणकाचे सगळे सोळा अंक संपतात. तरी खऱ्या कामात असा मॅट्रिक्स जवळपास कधी भेटत नाही. का भेटत नाही, याचं सर्वांचं समाधान करणारं उत्तर अजून मिळालेलं नाही. संपूर्ण शोधाच्या रीतीबद्दल त्यांच्या नावावर एक अंदाज होता, की फुगवटा समीकरणांच्या संख्येपलीकडे जाणार नाही. १९९१मध्ये निक गूल्ड यांनी १३ समीकरणांचा एक संच शोधला. त्यात फुगवटा १३.०२ भरला.